चार दिवस तेच, महिना बदला

पत्र : "आमचं महाविद्यालय मुंबई-गोवा महामार्गालगत, लांज्याच्या बाजूला आहे. रत्नागिरी शहर साधारण ४५ किलोमीटर. मुलांचा आणि मुलींचा असे दोन बास्केटबॉल संघ आहेत. कोर्ट उघडं, सिमेंटचं. येत्या जानेवारी-फेब्रुवारीत पाच महाविद्यालयांनी मिळून साखळी सामने ठरवले आहेत : चिपळूणचं एक, रत्नागिरीतली दोन, कुडाळचं एक आणि आम्ही. प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा त्यांच्याकडे खेळायचं. प्राचार्य म्हणतात, आपले घरचे चारही दिवस रत्नागिरीतल्या बंदिस्त हॉलमध्ये घेऊ. लाकडी फरशी आहे, दिवे आहेत, वर्तमानपत्रवाले येतील, एखादा प्रायोजकही मिळेल. भाडं आणि गाडी द्यायला ते तयार आहेत. मुलं खूश आहेत, मुली गप्प आहेत. मी शारीरिक शिक्षण विभाग पाहतो. काय करावं?"

उत्तर :

सर, आधी आमचं मत सांगतो आणि मग कारणं. जानेवारी-फेब्रुवारीतले घरचे सामने घरीच खेळा. प्राचार्य पैसे द्यायला तयार आहेत ही मोठी गोष्ट आहे, ती हातची घालवू नका. पण त्या पैशातून हॉलचे चार दिवस पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात सरावासाठी घ्या. हॉलची तुम्हाला गरज आहे यात शंका नाही, फक्त ती माघात नाही, श्रावणात आहे.

कोकणात उघड्या कोर्टचं वर्ष आठ महिन्यांचं असतं. जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत पाऊस, त्यावर परतीच्या पावसाचे आठ-दहा दिवस. तेवढ्यात सिमेंटवर शेवाळ धरतं आणि कोर्ट दिसायला ठीक दिसलं तरी पाय टेकला की सरकतो. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं वेळापत्रक काढून बघा : पहिल्या सत्रात तारीख पडली तर तुमचा संघ जवळजवळ हात न लावता उतरतो. समोरचा संघ हॉलमध्ये रोज दीड तास खेळून आलेला असतो. जानेवारीत मात्र तुमचं कोर्ट कोरडं खडखडीत असतं, हवा बरी असते आणि त्यावर खेळायला काहीच अडचण नसते. ज्या महिन्यात छप्पर लागत नाही त्याच महिन्यात छपराचं भाडं भरायचं, हा हिशेब आम्हाला पटत नाही.

हा खेळ मुळात छपराखालचाच. जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला तो काढला तो हिवाळ्यात पोरांना व्यायामशाळेत काहीतरी खेळायला हवं म्हणून. उघड्यावर पावसात त्याचं काय होतं हे १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये दिसलं. अंतिम सामना मातीच्या टेनिस कोर्टवर भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना, ड्रिबल (चेंडू आपटत पुढे नेणं) जमेना, आणि अमेरिकेनं कॅनडाला हरवलं ते १९ विरुद्ध ८ असं. जगातले सर्वांत चांगले खेळाडू पूर्ण सामन्यात १९ गुणांवर अडकले. म्हणून आमचं सांगणं की छपरासाठी खर्च करायचा तर तो पावसात करा.

आता जानेवारीतले चार दिवस शहरात नेले तर काय होतं ते बघू. पाच संघांत प्रत्येकाला आठ सामने, त्यांतले चार घरचे. तुमच्या चार पाहुण्यांपैकी दोन रत्नागिरीतलेच आहेत. म्हणजे 'घरचा' सामना असताना ते घरून चालत येणार आणि तुमची मुलं सव्वा तास गाडीत बसून उतरणार. घरच्या मैदानाचा जो काही फायदा असतो तो तुम्ही स्वतःच्या हातानं त्यांना दिला. कुडाळच्या संघाला उलट त्रास : ते दक्षिणेकडून येणार, तुमच्या गावावरून पुढे जाणार, आणि त्यांचा प्रवास जाऊन-येऊन ९० किलोमीटरनं वाढणार. चिपळूणकरांना शहर थोडं सोयीचं पडेल, तेवढंच. त्यामुळे ठरवण्याआधी चौघांना पत्र टाकून विचारायला हवं. यजमानानं परस्पर जागा बदलली की साखळी स्पर्धा दुसऱ्या वर्षी मोडते.

वेळेचा हिशेब तर अगदी सरळ आहे. एका दिवशी जाऊन-येऊन अडीच तास, चार दिवसांचे दहा तास. तुमचा सराव दीड तासाचा धरला तर साडेसहा सराव रस्त्यावर गेले. हातखंब्याला तिठ्यावर गाडी अडकली किंवा महामार्गाचं काम लागलं तर अजून गेले. शिवाय उशिराची शिक्षा नियमात आहे. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत पाच खेळाडू मैदानात उभे राहिले नाहीत तर सामना समोरच्याला बहाल, गुणफलक २०-०. साध्या पराभवाला गुणतक्त्यात एक गुण तरी मिळतो, अशा सामन्याला शून्य. घरच्या सामन्यात ही भीती कशाला ओढवून घ्यायची?

आणि आता मुली गप्प का आहेत ते. तुमच्याकडे मुली आजूबाजूच्या वाड्यांमधून येतात असं धरतो. त्यांचं सगळं गणित संध्याकाळच्या वस्तीच्या एसटीवर असतं. शहरात मुलींचा सामना चारला, मुलांचा पावणेसहाला ठेवला तर आवरून निघायला पावणेआठ, महाविद्यालयात पोहोचायला नऊ. वस्तीची गाडी केव्हाच गेलेली. मग बाबा किंवा भाऊ मोटरसायकल घेऊन नाक्यावर येणार, किंवा येणार नाहीत आणि मुलगी पुढच्या वेळी 'मला बरं नाही' म्हणून सांगणार. संघ कमी होतो तो असा, कोणी भांडत नाही, राजीनामा देत नाही. मुलींना एकत्र बसवून, मुलं नसताना, एकच प्रश्न विचारा : रात्री घरी कशी पोहोचशील? बारा जणींची बारा उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि तो कागद प्राचार्यांसमोर ठेवा. आमच्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा तो जास्त बोलेल.

घरी तोच दिवस असा बसतो : मुली अडीचला, मुलं सव्वाचारला, पावणेसहाला सगळं आटपलं. सामना चाळीस मिनिटांचा असला तरी मध्यंतर, टाइम-आउट, फाउल धरून दीड तास लागतो. जानेवारीत सव्वासहानंतर अंधारायला लागतं, तेव्हा दिव्यांची गरज पडत नाही. सकाळी लवकर ठेवण्याचा मोह टाळा. डिसेंबर-जानेवारीत सिमेंटवर दंव पडतं आणि नऊ वाजेपर्यंत कोर्ट ओलसर राहतं. कोरडं वाटतं, पण बुटाखाली चुर्र होतं. कोर्ट पूर्व-पश्चिम असेल तर पश्चिमेच्या रिंगकडे खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर उतरतं ऊन येतं. मध्यंतराला बाजू बदलते, पण ऊन दुसऱ्या सत्रातच खाली आलेलं असतं. त्यासाठी दोन्ही सामने अर्धा तास अलीकडे घ्या.

घरी खेळायचं म्हणजे कोर्ट मात्र नियमात हवं. पाहुण्यांनी टेप लावला तर मान खाली जाता कामा नये. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक दुपार काढा. पोलादी टेप, ओळंबा, खडू आणि दोन मुलं एवढं पुरे.

कोर्ट २८ मीटर बाय १५ मीटर, रेषेच्या आतल्या कडेपासून मोजायचं. लांबी-रुंदी बरोबर असूनही कोर्ट तिरकं असू शकतं, म्हणून दोन्ही कर्ण मोजा : दोन्ही ३१ मीटर ७६ सेंटिमीटर भरले पाहिजेत. एक कर्ण दहा-बारा सेंटिमीटरनं जास्त निघाला तर रेषा पुसून नव्यानं आखा, रंग फार लागत नाही. चारही बाजूंनी दोन मीटर मोकळं हवं, म्हणजे एकूण ३२ बाय १९. तिथं बाक, कुंड्या, जांभ्याचा कठडा असं काही असेल तर हलवा. जांभ्याच्या धारेवर गुडघा आपटला की महिनाभर खेळ बंद.

मग रिंग. वरच्या कडेची उंची ३.०५ मीटर, सहा मिलिमीटर इकडे-तिकडे चालतं. टेपचा हूक रिंगला अडकवून समोर, डावीकडे, उजवीकडे अशा तीन जागी मोजा. इथं बहुतेक महाविद्यालयांत एक चूक हमखास सापडते : कोर्टला भेगा पडल्या म्हणून कधीतरी वर पाच सेंटिमीटरचा नवा थर दिला जातो, पण रिंगमागचा बोर्ड कोणी वर घेत नाही. रिंग तीन मीटरवर येते. मुलं त्याच रिंगवर वर्षभर सराव करतात, हात तसाच बसतो, आणि शहरात गेल्यावर त्यांचे फ्री थ्रो (फाउलनंतर रेषेवरून मोकळे मिळणारे फटके) रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येतात. 'दडपण आलं' असं सगळे म्हणतात. दडपण नसतं, पाच सेंटिमीटर असतात. बोर्डची खालची कड २.९० मीटरवर आहे का तेही बघा, म्हणजे बोर्ड वाकलाय की फक्त रिंग, ते कळेल.

त्यानंतर ओळंबा. रिंगच्या बरोबर मधून सोडा. तो शेवटच्या रेषेच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर टेकला पाहिजे. कमी आला तर खांब मागे कलला आहे, जास्त आला तर पुढे. लाल माती पावसात मऊ होते आणि खांबाचा पाया दरवर्षी थोडा थोडा झुकतो. कलणं वाढत असेल तर गवंड्याला दाखवा, खाली पुन्हा काँक्रीट करावं लागेल. खांब शेवटच्या रेषेपासून दोन मीटर मागे नसेल, आणि जुन्या कोर्टवर तो सहसा नसतोच, तर काथ्याची गादी रेक्झीनमध्ये शिवून जमिनीपासून २.१५ मीटर उंचीपर्यंत बांधा. ले-अपनंतर, म्हणजे धावत जाऊन रिंगखालून चेंडू टाकल्यावर, मुलगा थेट खांबावर जातो.

खाऱ्या हवेनं रिंग गंजते. काचकागद मारून रेड ऑक्साइड आणि वर नारिंगी रंग द्या. जाळी बारा हुकांवर नीट बसलेली हवी. दोन हुक तुटले तर चेंडू जाळीत अडकतो आणि पंचांना खेळ थांबवावा लागतो. बोर्ड प्लायचा असेल तर बोटानं ठोकून बघा. पावसात पाणी प्यायलेला प्लाय 'भद्द' वाजतो, आणि त्यावर आपटलेला चेंडू परत येण्याऐवजी खाली गळतो. तसा बोर्ड यंदाच बदला. शेवाळाचे डाग उरले असतील तर ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून ओता, अर्ध्या तासानं ताठ खराट्यानं घासा आणि भरपूर पाण्यानं धुवा. खांबाच्या तळाशी ते पाणी साचू देऊ नका, लोखंड खातं.

चेंडू मुलांना ७ नंबर, मुलींना ६ नंबर. हवा तपासायची सोपी रीत : १.८० मीटरवरून सोडला की उसळी चेंडूच्या वरच्या टोकापर्यंत १.२० ते १.४० मीटर यावी. उन्हात ठेवलेला चेंडू जास्त उसळतो, म्हणून सामन्याआधी अर्धा तास सावलीत ठेवून मग तपासा.

टेबलावर चौघं लागतात : गुणलेखक, त्याचा मदतनीस, वेळाधिकारी आणि २४ सेकंदांचं घड्याळ बघणारा (चेंडू हाती आला की तेवढ्या वेळात फटका मारावा लागतो). इलेक्ट्रॉनिक घड्याळ नसेल तर स्टॉपवॉच घेऊन शेवटचे सेकंद मोठ्यानं पुकारायची पद्धत पाहुण्यांशी आधी ठरवून घ्या. आक्रमणाचा रिबाउंड मिळाला, म्हणजे रिंगला लागून परत आलेला चेंडू फटका मारणाऱ्या संघालाच मिळाला, की पुन्हा २४ नव्हे, १४ मिळतात. भांडणं इथंच होतात. संघात न बसलेल्या आठ-दहा मुलामुलींना डिसेंबरभर सरावात टेबलावर बसवा. शहरातल्या हॉलमध्ये हे काम तिथली माणसं करतील आणि तुमच्या पोरांना कधीच येणार नाही. पाहुण्या मुलींसाठी एक खोली, आतून कडी लागणारी, आणि पाणी असलेलं शौचालय. सामन्याच्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन बघा.

यंदा शहराशी संबंधच ठेवू नका असं आम्ही म्हणत नाही. रत्नागिरीतले दोन संघ त्यांचे घरचे सामने हॉलमध्ये घेणार असतील तर डिसेंबरअखेर एकदाच दोन्ही संघांना दोन तासांसाठी तिथं न्या, दिवसाउजेडी. एका सतरा आसनी गाडीत एक संघ, शिक्षक, व्यवस्थापक आणि मुलींबरोबर शिक्षिका एवढी माणसं बसतात. दोन संघांना दोन गाड्या किंवा एक एसटी. एसटी प्रासंगिक करारावर घ्याल तर किमान किलोमीटरची अट काय आहे ते आगारात विचारा, नाहीतर ९० किलोमीटरसाठी बरेच जास्त पैसे मोजावे लागतील. कोकण रेल्वेचा विचार करू नका : स्थानक शहराबाहेर, मार्ग एकेरी, क्रॉसिंगला किती थांबेल याचा नेम नाही.

त्या दोन तासांत सामना खेळवू नका. पहिली दहा मिनिटं नुसतं धावणं आणि थांबणं, अर्ध्या वेगानं. सिमेंटवर धूळ असते, तिथं थांबताना पाय थोडा घसरतो आणि मुलांना त्याची सवय असते. लाकडावर बूट जागच्या जागी चिकटतो आणि शरीर पुढे जातं. घोटा मुरगळतो तो याच क्षणी. त्यानंतर पंधरा मिनिटं बोर्डवर आपटून टाकायचे फटके, कारण काचेचा बोर्ड प्लायपेक्षा जोरात परत देतो. मग प्रत्येकाचे वीस फ्री थ्रो. बाहेर रिंगमागे झाडं असतात, आत भिंत आणि दिवे, आणि अंतराचा अंदाज थोडा वेळ चुकतो. उरलेल्या वेळात काय ते खेळा. बूट वेगळे लागतील, डाग न पाडणाऱ्या तळव्याचे. सिमेंटवरचे बूट खडे घेऊन जातात आणि हॉलवाला दारातच अडवतो, त्याचं बरोबर असतं.

ऑगस्टसाठी हॉल ठरवण्याआधी टेप घेऊन जा. 'इनडोअर हॉल' म्हणून दाखवतात तो पुष्कळदा बॅडमिंटनचा असतो, रिंगमागे दोन मीटरऐवजी भिंत असते. छत किमान सात मीटर हवं. पावसाळ्यात समुद्रकाठच्या बंद हॉलमध्ये फरशीला ओल सुटते, तेव्हा दोन्ही रिंगखाली कोरडा पोछा घेऊन एकेक मुलगा बसवावा लागेल. दिवे कुठले आहेत ते विचारा. जुने मेटल हॅलाइड असतील तर वीज क्षणभर गेली तरी ते पुन्हा पेटायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. एलईडी लगेच लागतात. जनरेटर आहे का, आणि त्याचं डिझेल भाड्यात धरलंय का? गौरी-गणपतीचा आठवडा सोडून तारखा निवडा. चाकरमान्यांच्या गाड्यांनी महामार्ग भरतो आणि तुमची निम्मी मुलं आरतीला घरी असतात.

पैशाची एक अडचण आहे. यंदा मंजूर झालेली रक्कम मार्चअखेर खर्च झाली नाही तर परत जाईल. म्हणून प्राचार्यांना आत्ताच दोन भाग करून लिहून द्या : यंदाच्या पैशातून बोर्ड, गाद्या, रेषा आणि डिसेंबरचा एक दिवस; पुढच्या वर्षीच्या जिमखाना अंदाजपत्रकात हॉलचे चार दिवस. वर्तमानपत्राचं म्हणाल तर प्रत्येक तालुक्याला वार्ताहर असतो, त्याला दुपारी अडीचला बोलवा आणि सामना संपल्यावर गुणफलक, मोठे गुण करणाऱ्यांची नावं लिहून हातात द्या. बातमी येते. प्रायोजकाला शहरातल्या रिकाम्या खुर्च्यांपेक्षा तुमच्या कट्ट्यावर बसलेली दोनशे पोरं आणि त्यांचे पालक दाखवा. बाजारपेठेतला दुकानदार त्यांच्यासाठीच पैसे देतो. आणि प्राचार्यांना शहरात काहीतरी व्हावंसं फारच वाटत असेल तर साखळीचा अंतिम दिवस, पाचही महाविद्यालयांनी खर्च वाटून, हॉलमध्ये ठेवायला हरकत नाही. तो रविवारी सकाळी दहाला सुरू करा, म्हणजे कुडाळच्या मुलीसुद्धा दिवसाउजेडी घरी पोहोचतील.

हॉलच्या ऑगस्टमधल्या तारखा एप्रिलमध्येच लिहून घ्या. पावसाळ्यात शहरातले बॅडमिंटनवाले संध्याकाळच्या वेळा आधीच धरून ठेवतात, बाकीचे दुपारकडे सरकतात, आणि मुलींना वस्तीची गाडी गाठता यावी म्हणून तुम्हाला हवी ती दुपारी बारा ते तीनची वेळ जूननंतर उरत नाही.